'अनस्किल्ड' नेमके कोण?

इंग्रजीतले 'अनस्किल्ड' हे विशेषण कामाला लावायचे की माणसाला, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. पण पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या गृहनिर्माण संस्थेत झाडलोट करणाऱ्यांच्या पगाराची चर्चा ऐकली की तो थेट पैशांचा होतो. कायद्याची भाषा याबाबत सावध आहे. कसलेही कौशल्य किंवा विशेष प्रशिक्षण नसताना कोणत्याही प्रौढ व्यक्तीला करता येईल असे अंगमेहनतीचे काम, अशी अकुशल कामाची व्याख्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने केली. म्हणजे विशेषण कामाचे आहे. ते करणाऱ्याच्या अंगी काय आहे, याबद्दल तिथे अक्षरही नाही. आपण मात्र "ती माणसं अनस्किल्डच ना!" असे म्हणून मोकळे होतो.

हाती घेतलेले काम बिघडवणाऱ्यासाठी इंग्रजीत 'अनस्किलफुल' हा वेगळा शब्द आहे, आणि धसमुसळ्या हालचालींसाठी 'क्लम्झी' आहे. हे दोन्ही शब्द उच्चपदस्थांनाही लागू पडू शकतात, कदाचित म्हणूनच ते आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ साली स्थापन झाली आणि पुढे तिच्यातून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायकांचे काम आपण जिन्यातून उतरता उतरता पाहतो, थांबून पाहत नाही. पाण्याची बाटली हातात आली की तिचे झाकण निराळे पडते, कारण बाटलीचे प्लास्टिक वेगळे आणि झाकणाचे वेगळे. पाण्यात टाकले तर बाटलीचा तुकडा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो. दुधाची पिशवी एकीकडे जाते, वेफरचे चकचकीत पाकीट दुसरीकडे, कारण त्यात थर एकमेकांना चिकटलेले असल्याने त्याला भाव नसतो. पुठ्ठा, पांढरा कागद, रद्दी, काच, पत्रा यांचे ढीग पडत जातात, तेही आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांनी ओला कचरा सुक्यात कालवून दिलेला असताना. (अनस्किलफुल कोण, याचे उत्तर इथे आपोआप मिळते.)

आता गंमत पाहा. इंग्रजी 'स्किल' आले आहे जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ भेद, पारख असा होता. त्याच कुळातल्या क्रियापदाचा अर्थ वेगळे करणे. आपल्याकडे 'कुशल' शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे कुश वेचून आणणारा, कारण धारदार पात्यांचे ते गवत हात न कापता निवडून घ्यायला नजर आणि सवय लागते. दोन दूरच्या भाषांनी कौशल्याची खूण म्हणून वेचणे आणि वेगळे करणे हेच पुढे ठेवावे, आणि तेच काम दिवसभर करणाऱ्या बाईला आपण दोन्ही भाषांत अकुशल ठरवावे, हे मला निव्वळ अज्ञान वाटत नाही. त्यात सोयही आहे, कारण शब्द खाली उतरला की दरही खाली उतरवता येतो.

किमान वेतनासाठी श्रेणी लागतात, हे मान्य आहे. पण त्या श्रेणीचे नाव माणसाच्या कपाळावर चिकटवण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या १९६९ च्या कायद्याने आपल्या शीर्षकातच माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार असे शब्द वापरले, म्हणजे जे काम त्याचेच नाव. सोसायट्यांच्या हिशेबातही कचरावेचक, सफाई कामगार, रखवालदार असे लिहिता येईल, आणि पगारवाढीची चर्चा त्या नावांपासून सुरू करता येईल.