पाच शब्द की तेरा?

गेल्या वर्षी इथे इंदूरमध्येच एका निबंध स्पर्धेचे मराठी गटाचे निबंध मी तपासले. मर्यादा किमान ३०० शब्दांची, हिंदी गटालाही तीच. कमी भरले तर पाच गुण वजा.

सातवीतल्या एका मुलीनं आजीवर लिहिलं होतं. आजीला आता दिसत नाही, पण रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यातून चालताना आपण कुठल्या दुकानासमोर आलो हे ती वासावरून सांगते. फापटपसारा नाही, एक ओळ जास्तीची नाही. शब्द भरले २०८. नियमाप्रमाणे मी पाच गुण कापले आणि पहिली येणारी मुलगी तिसरी आली. बक्षीस घेतल्यावर ती मला विचारायला आली, "काकू, अजून काय लिहायचं होतं?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी थोडं वाढव." हे मी बोलायला नको होतं. वर्षभर ते मनातून गेलेलं नाही.

त्यात एक वाक्य होतं: "आजीच्या घरासमोरच्या चिंचेखाली आम्ही बसायचो." पाच शब्द. हेच हिंदीत लिहून बघा: "दादी के घर के सामने वाली इमली के नीचे हम बैठा करते थे." तेरा! आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, हिंदीतले का-के-की सुटे राहतात. मग दोन्ही गटांना ३०० हा न्याय कसा?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतही सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत १० गुणांचं उत्तर १५० शब्दांत आणि १५ गुणांचं २५० शब्दांत लिहायचं असतं, मग ते इंग्रजीत लिहा, हिंदीत लिहा की मराठीत. पण तिथे तीन तासांत वीस प्रश्न सोडवायचे असतात आणि आकडा कमाल मर्यादेचा असतो. इथल्या भंवरकुआं भागातल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसमधली मुलं घड्याळ लावून सराव करतात, ते मला पटतं. थांबता यायलाच हवं. वरची मर्यादा खुशाल ठेवा.

खालची मर्यादा मात्र मुलांना पाणी घालायला शिकवते. त्याच गठ्ठ्यात किती निबंध असे सुरू झाले होते: "मानवी जीवनात आजीचे स्थान अत्यंत महत्त्वाचे आहे." आजी काढून गुरुजी घाला, झाड घाला, वाक्य तसंच चालतं. आणि त्यांचे गुण मी कापले नाहीत, कारण शब्द भरले होते.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. मी कळवलंय की किमान शब्दांची अट काढा, हवं तर "आजीचे दोन प्रसंग सांगा" असा विषय द्या, आणि प्रत्येक निबंधाखाली परीक्षकाला दोन ओळी लिहू द्या. नुसत्या आकड्यावरून मुलाला काय कळणार? हे मान्य नसेल तर मी तपासणार नाही.

त्या मुलीनं यंदाही नाव दिलंय. परवा तिची आई भेटली होती. म्हणाली, आता ती लिहिताना दर दहा शब्दांनंतर पेन्सिलीनं टिंब देते.