अस्तंब्याची धार आणि झोळीची वाट

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. शनिवारी पहाटे आम्ही पाच जण नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर बुटांच्या नाड्या आवळत होतो. मी ग्लासगोहून आलेलो, बाकीचे चौघे शहादा-धुळ्याचे. पाठीवरच्या पिशवीत कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. सीताखाईच्या कडेनं निघालो आणि सोंडा चढत-उतरत दुपारपर्यंत 26 किलोमीटर पळालो. रविवारी धडगावकडून अस्तंब्याचं शिखर, 1325 मीटर.

या दिवसांतला सातपुडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, असा उजेड वर्षात दुसऱ्यांदा मिळत नाही. पावसानं हवा धुऊन ठेवलेली असते. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलेलं, सकाळी दहिवरानं ओलं, आणि दहा वाजले की त्याचीच कुसळं मोज्यांतून आत शिरतात. धारेवर आलं की एका अंगाला डोंगरामागे डोंगर, नर्मदेकडे उतरत गेलेले. दुसऱ्या अंगाला तापीकडचा सपाट मुलूख. पायाखालची वाट जेमतेम दोन पावलं रुंद. मी सगळ्यात मागे होतो आणि पुढच्या चौघांच्या पाठी बघत पळण्यात मला इतकं सुख होतं की थांबून फोटो काढायचंही सुचलं नाही.

आमच्यात वर्षभर एक वाद चालला आहे. तोरणमाळ आणि अस्तंबा मिळून दोन दिवसांची डोंगरशर्यत भरवायची का? पुणे-साताऱ्याकडे अशा शर्यती होतात, मग खानदेशानंच का मागे राहावं, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, बाहेरची माणसं येतील, प्लास्टिक टाकतील आणि जातील. मी ग्लासगोत बसून पहिल्या बाजूनं हिरीरीनं लिहीत होतो. माझा दाखला ठरलेला असायचा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही डोंगर-माळावर फिरायचा हक्क दिला आहे. जमीन खासगी असली तरी मालकाला विचारावं लागत नाही. ऑक्टोबरात तिथं हरणांची शिकार चालते, तेव्हा माथ्याची धार आणि मळलेली वाट धरून जा, एवढीच विनंती असते. त्याच दिवसांत खालच्या दरीतून सांबरासारख्या मोठ्या नरांचं ओरडणं ऐकत मी तिथं कित्येकदा पळालो आहे.

रविवारी उतरताना एका पाड्यावर पाणी मागायला थांबलो. ओट्यावर म्हातारबाबा बसले होते. त्यांनी पावरीत, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, काही विचारलं. आमच्यातले गुरुजी त्या भागात अकरा वर्षं शिकवतात, त्यांनी मराठीत सांगितलं, "विचारताहेत, कोण आजारी आहे? एवढे पळत का आलात?"

तिथं माणूस धावतो तो कुणाचं तरी दुखणं घेऊन. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून बाळंतपणाची बाई बांबूच्या झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आम्ही ज्या वाटेला सुंदर म्हणत होतो, तिच्यासारख्याच वाटांवरून त्या झोळ्या उतरतात. गुरुजी मला पुढे म्हणाले, "भाऊ, तू दोन दिनना पाव्हना शे." त्यात टोमणा नव्हता, पण मला तो शब्द परतीच्या विमानातही सोडत नव्हता.

मी दाखला अर्धाच देत होतो, हे मला तिथं कळलं. स्कॉटलंडच्या डोंगरांत एवढी मोकळी जागा आहे, कारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी तिथली वस्ती हुसकावून लावली. दऱ्यादऱ्यांत आजही पडक्या घरांचे चौथरे दिसतात. बहुतेक डोंगरांवर आता विचारायला माणूसच उरलेला नाही. सातपुड्यात माणूस आहे. धारेखाली त्याची ज्वारी आहे, आंब्याची झाडं आहेत, धडगावचा आमचूर त्याच आंब्यांचा. म्हणून 'कुणाला न विचारता फिरायचा हक्क' इथं आणून लावणं मला आता चूक वाटतं.

त्याच 2003 च्या कायद्याचा दुसरा भाग मी कधी सांगितलाच नव्हता. त्यात गावकऱ्यांना एकत्र येऊन आपल्या भागातली जमीन विकत घ्यायला पहिली संधी दिली आहे. ऐग नावाच्या बेटावरच्या रहिवाशांनी तर त्याआधीच, 1997 मध्ये, आपलं बेट विकत घेतलं. आणि आपल्याकडे याहून जवळचं काही आहे. धडगावचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा मिळून हक्क, मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं तो मिळवून दाखवला. शर्यत हवी की नको, हे ठरवायला चौकट तयार असताना आम्ही शहाद्यात आणि ग्लासगोत बसून भांडत होतो.

एक जण म्हणाला, रस्ते झाले की या वाटा संपतील. मला ते पटत नाही. रस्ता पाड्यापर्यंत जायला हवा, रुग्णवाहिका ओट्यासमोर उभी राहायला हवी. धारेवर रस्ता कुणीच मागत नाही. आणि समजा एखादी वाट डांबराखाली गेली, तरी तिच्यासाठी झोळी वाहत राहा असं मी कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी नंदुरबारवरून निघालो तेव्हा मिरची वाळवायच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही ठसका लागत होता. त्याच रात्री मी मित्रांना लिहिलं की शर्यतीच्या बाजूचं माझं मत मागे घेतो. आधी त्या वाटेवरच्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत जाऊन विचारू, आणि एका गावानंही नाही म्हटलं तर तिथून पळायचं नाही. गुरुजी पुढच्या ग्रामसभेला जाणार आहेत. आमच्यातल्या दोघांचा याला अजून विरोध आहे.