दहावा आणि तेरावा

"काढायचा की ठेवायचा?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

सोमवार, २ डिसेंबर २०२४. सकाळचे साडेआठ. मी खुर्चीत आडवा, तोंड वासलेलं, त्यात दोन हत्यारं आणि लाळ ओढणारी ती नळी. खालची अक्कलदाढ दोन महिने ठणकत होती, तेव्हा प्रश्न तिच्याबद्दलच असणार असं मी धरून चाललो. "आँ, आँ," मी म्हणालो. म्हणजे काढा एकदाची.

"मला वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाले. "चार वर्षं झाली. अजून किती कळ काढायची?"

माझे तर दोनच महिने झाले होते. मग ते मदतनीस मुलीकडे वळून म्हणाले, "बघ, हेसुद्धा काढा म्हणतायत." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की या चर्चेत माझी दाढ कुठेच नव्हती. विषय रायन डेचा चालला होता.

रायन डे म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा कोच. मी कोलंबसला राहतो त्याला अकरा वर्षं झाली. ही ओहायोची राजधानी. इथे गव्हर्नर बसतो, विधिमंडळ बसतं, पण सगळं गाव उठून उभं राहतं ते फुटबॉलसाठीच. युनिव्हर्सिटी सरकारी, म्हणून कोचही सरकारी नोकर, आणि राज्यातल्या तमाम सरकारी नोकरांत सगळ्यात जाडा पगार त्याचा. तेव्हा वर्षाला साधारण एक कोटी डॉलर. हा आकडा मी घरी पहिल्यांदा सांगितला तेव्हा बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि कुलगुरूंना?" मी म्हटलं, पुष्कळ कमी. "मग बरोबर आहे. त्यांना कोण एवढ्या शिव्या घालतं?"

शिव्या त्या शनिवारपासून सुरू होत्या. ३० नोव्हेंबरला ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० अशी हरली. सलग चौथ्या वर्षी. देशात दुसऱ्या क्रमांकाची टीम, समोर पाच सामने आधीच हरलेलं मिशिगन, लाखभर माणसांचं स्टेडियम आणि हा निकाल. इथे एक सांगून ठेवतो, हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. यात बॉलला पाय लावायचं काम टीममधल्या एखाददुसऱ्याकडेच असतं. त्या दिवशी आमच्या त्या एका पोराच्या दोन किका हुकल्या. त्यांच्या पोराने शेवटची ४५ सेकंदं उरली असताना अचूक मारली.

आता, मिशिगनकडून हरणं आणि बाकी कोणाकडून हरणं यातला फरक मराठी माणसाला समजायला कठीण नाही, कारण मुळात हे भांडण सीमावादाचं आहे. १८३५ मध्ये टोलेडो नावाच्या गावावरून दोन्हीकडची सशस्त्र पथकं समोरासमोर उभी राहिली होती. लढाई म्हणावी तर एका माणसाला चाकू लागला, तोही वाचला. टोलेडो ओहायोला मिळालं. मिशिगनला बदल्यात वरचा जंगलाचा पट्टा मिळाला आणि त्यात पुढे तांबं न् लोखंड निघालं. बेळगावची बातमी वाचून भर उन्हात घसा कोरडा करणाऱ्या माझ्या काकांना हे सगळं पाच मिनिटांत कळलं असतं.

तर इथे मिशिगनचं नाव घेत नाहीत. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणायची बंदी, लांबडं म्हणायचं, तसंच. "ती उत्तरेकडची टीम" एवढंच म्हणायचं. मॅचच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीतल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' या अक्षरावर लाल पट्टीने फुली मारतात. पहिल्या वर्षी मला ते नगरपालिकेचं काहीतरी काम वाटलं होतं.

आणि आमच्या घरात त्या वर्षी एक लांबडं शिरलेलं होतं. लेकीने १ नोव्हेंबरला मिशिगनच्या युनिव्हर्सिटीत अर्ज भरला होता. कॉलेज उत्तम, विषय तिला हवा तोच, आणि शेजाऱ्यांना कळलं असतं तर आमच्या दारातला बर्फ कोणी ओढला नसता. "प्रवेश मिळेपर्यंत ब्र काढायचा नाही," बायकोने बजावलं होतं. "आणि तुम्ही तर मुळीच नाही."

त्या शनिवारी मी शेजारच्या गॅरेजमध्ये होतो. शेजारी छपरं घालायचं काम करतो. गॅरेजमध्ये टीव्ही, जुना फ्रिज, गॅसवरचा हीटर आणि घडीच्या आठ खुर्च्या. तो, त्याचा मेहुणा, ऐंशी ओलांडलेले सासरे आणि गल्लीतले दोघेतिघे. मॅच संपली. तिकडे मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यात आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. इकडे गॅरेजमध्ये कोणी हलेना. टीव्ही कोणी बंद करेना. पडद्याच्या खाली आकडे तसेच, १३ आणि १०.

मी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो. तेरावा आणि दहावा. एवढ्या मोठ्या देशात कोणाच्याच लक्षात आलं नसेल, आणि मला ते सांगायला शेजारी मराठी माणूस नव्हता.

शेजारणीने बकाय केले होते. बकाय हे इथल्या झाडाचं फळ, तपकिरी, वर फिकट डोळा असलेलं. टीमचं नावही तेच. त्या फळासारखी दिसणारी मिठाई करतात, शेंगदाण्याच्या लोण्याची गोळी वळायची आणि वरचा रुपयाएवढा भाग उघडा ठेवून चॉकलेटमध्ये बुडवायची. चाळीसेक गोळ्यांचं ताट मधोमध ठेवलं होतं आणि त्याला कोणी शिवत नव्हतं. अर्धा तास गेला. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की कोणीतरी हात जोडून म्हणतं, तुमच्या मुलीचं लग्न आम्ही लावून देऊ. इथे कोण काय कबूल करणार? दुपारी जेवलो नव्हतो. मी एक गोळी उचलली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी खोल श्वास घेऊन म्हणाला, "त्याला काढला पाहिजे." कावळा शिवला होता. लोक बोलायला लागले.

मेहुणा विम्याच्या कंपनीत. त्याने कागदी प्लेट उलटी केली आणि मार्करने हिशेब मांडला. करार मोडून काढायचं तर कोचला साडेतीन कोटी डॉलरच्या वर द्यावे लागतात. दशांशचिन्हाच्या जागी बार्बेक्यू सॉसचा डाग पडला होता, त्यामुळे काही काळ ती रक्कम पस्तीस लाखच दिसत होती आणि सगळ्यांना परवडत होती. डाग पुसल्यावर शांतता पसरली. "ठेवा" पक्षाचा एक जण भीत भीत म्हणाला, "पण एकूण ६६ जिंकलेत आणि १०च हरलेत." त्यावर शेजारी म्हणाला, "त्या दहांतल्या चार कोणत्या, ते बोल." तो बसला.

मग सासरे बोलले. वूडी हेज २८ वर्षं कोच होता, ते सगळं त्यांनी पाहिलंय. १९७८ च्या शेवटच्या मॅचमध्ये त्याने समोरच्या टीमच्या खेळाडूला गुद्दा हाणला म्हणून त्याला काढला. "हरला म्हणून नाही काढला," ते म्हणाले, "गुद्दा हाणला म्हणून काढला. त्यात इभ्रत होती." जॉन कूपरचं नाव निघालं तेव्हा त्यांनी नुसता हात झटकला. कूपरच्या १३ वर्षांत मिशिगनला हरवलं फक्त दोनदा, हरले दहादा, एक बरोबरीत. ही आकडेवारी या घरात लहान मुलांना पाढ्यांच्या आधी येते. मिशिगनला हरवलं की खेळाडूंना छोटीशी सोन्याची चड्डी मिळते, लॉकेटसारखी. १९३४ पासूनची पद्धत. चार वर्षांत एक चड्डी नाही, असं सासरे म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापला. मला हसू आवरण्यासाठी दुसरी गोळी तोंडात टाकावी लागली.

मला हसू येत होतं खरं, पण माझा तरी काय अधिकार? नुकतंच न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच देशात ३-० धुतलं होतं, त्यातली एक कसोटी पुण्यात. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या आम्ही सात जणांनी चकली हातात धरून गौतम गंभीरला पदमुक्त केलं होतं. पर्थची कसोटी जिंकल्यावर त्याला परत रुजूही करून घेतलं. पगार न देता माणसं नेमायची आणि काढायची ही सोय दोन्ही देशांत आहे.

"तुझं काय मत?" शेजाऱ्याने मला विचारलं.

अकरा वर्षांत मला या खेळातले नियम कळलेले नाहीत. पण दुपारभर एक वाक्य पाच वेळा ऐकलं होतं. बाजूने बॉल फेकावा असे झकास खेळाडू असताना ओहायोवाले बॉल घेऊन सारखे मधूनच घुसत होते, जिथे मिशिगनचे डोंगरासारखे गडी उभे होते. मी कपाळाला आठ्या घातल्या. "मधून पळवायला नको होतं," मी म्हणालो.

गॅरेजमध्ये एक मोठा सुस्कारा उमटला. सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मेहुण्याने वाक्य प्लेटवर लिहून घेतलं. मी "काढा"वाल्यांना काढावाला वाटलो, "ठेवा"वाल्यांना ठेवावाला.

हा शोध मी पुढचे तीन आठवडे वापरला. केस कापताना, ऑफिसात, पेट्रोल भरताना, मराठी मंडळाच्या पोह्यांच्या रांगेत. कोणीही विचारो, ठेवायचा की काढायचा, मी मान हलवून म्हणे, मधून पळवायला नको होतं. दाढ काढून घेतल्यानंतर सुजल्या गालाने मी हेच बोललो, तर डॉक्टरांनी दहा डॉलर कमी लावले.

पण खरा उपयोग झाला तो त्या गॅरेजमध्येच. मी निघायच्या बेतात असताना शेजारणीने सहज विचारलं, "अरे, तुझी मुलगी यंदा कुठेकुठे अर्ज करतेय?"

सगळे वळले. टीव्हीवर निळी-पिवळी पोरं नाचत होती. माझ्या घशात चौथी गोळी अडकली. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"मधून पळवायला नको होतं," मी म्हणालो.

"खरंय," शेजारीण डोळे पुसत म्हणाली.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "चार वर्षं एकाच मॅचमध्ये हरला म्हणून माणसाची नोकरी घालवायची? तुम्ही अकरा वर्षं भांडी चुकीची लावताय." मी तिला रायन डेचं बोलणं सांगितलं. त्या मॅचच्या आधी तो म्हणाला होता, की वडिलांचं जाणं वगैरे सोडलं तर मिशिगनकडून हरण्याइतकं वाईट आपल्या कुटुंबावर दुसरं आलं नाही. ती जरा वेळ गप्प झाली. "त्याच्या बायकोला कोणी विचारलं का," ती म्हणाली, "ती भाजी आणायला कुठल्या दुकानात जाते?"

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षीपासून बारा टीमची बाद फेरी सुरू झाली होती, म्हणून आमचं सुतक फिटलं. नाहीतर मॅच हरल्यावर वर्षभर बसायचं होतं. २१ डिसेंबरला टेनेसीशी सामना, तोही कोलंबसला. पण आमच्यातल्या कित्येकांनी रागाने तिकिटं विकून टाकली होती, त्यामुळे स्टेडियममध्ये टेनेसीवाल्यांच्या केशरी कपड्यांचे ढीग, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या झेंडूसारखे. ओहायोने ४२-१७ जिंकलं. शेजाऱ्यानेही तिकिटं विकली होती. त्याने ती मॅच गॅरेजमध्ये उभ्याने पाहिली. १ जानेवारीला ओरेगॉन ४१-२१. मग टेक्सस २८-१४. दर विजयासरशी गॅरेजमधल्या फ्रिजला चुंबकाने लावलेली ती कागदी प्लेट थोडी थोडी तिरकी होत गेली. २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा मी पाहिलं, प्लेटची पांढरी बाजू बाहेर होती. कोणी उलटवली, कोणी सांगेना.

"मी कधी म्हणालो काढा?" शेजारी म्हणाला.

"मी तर नुसता हिशेब केला," मेहुणा म्हणाला.

बाहेर फटाके उडत होते. सासरे मात्र खुर्चीतच. सगळ्यांनी मिठ्या मारून झाल्यावर ते हळूच मला म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण चड्डी कुठाय?"

आठवडाभराने लेकीला प्रवेशाचं पत्र आलं. आम्ही पडदे ओढून पेढे वाटले, म्हणजे तिघांत. पण मेमध्ये तिची शाळा संपली, अंगणात जेवण ठेवलं, तेव्हा सांगणं भागच पडलं. शेजारी बराच वेळ बुटांकडे पाहत राहिला. "विजेते झालोय म्हणून ऐकून घेतो," तो म्हणाला, आणि घरी गेला. दहा मिनिटांनी एक पाकीट घेऊन परत आला. आत लेकीच्या नावाने शंभर डॉलरचा चेक. 'मे' महिन्याचा 'एम' त्याने लाल पेनाने, पट्टी लावून, नीट फुली मारून खोडला होता. खालच्या ओळीत, पैसे कशासाठी ते लिहितात तिथे, युनिव्हर्सिटीचं नाव होतं. त्यातलाही खोडला होता.

सोमवारी लेकीला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी चेक उचलला, चष्मा कपाळावर चढवला. खाडाखोड असलेला चेक चालत नाही, अशी पाटी त्यांच्या मागेच होती. त्यांनी तारखेकडे पाहिलं, खालच्या ओळीकडे पाहिलं, मग लेकीकडे जरा दयेने पाहिलं.

"यात मला तर कुठे खाडाखोड दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि चेक जमा करून घेतला.