कोंबडी खाते

दुकानातलं अंडं सात रुपयांवर गेलं त्या दिवशी मी घरात जाहीर केलं, "आता बस. आपण कोंबड्या पाळायच्या."

मी परभणीत अकरावी-बारावीच्या पोरांना पुस्तपालन व लेखाकर्म शिकवतो. पोरं माझ्या माघारी मला 'घसारा सर' म्हणतात. त्यामुळं कोंबड्या यायच्या आधी वही आली. दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा केली आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कोंबडी खाते'. मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "बाबा, हे खातं आहे का तक्रार?"

तेव्हा मी हसलो होतो.

आईला मात्र हा सगळा प्रकार अजब वाटला. आईचं माहेर जिंतूरकडचं, लहानपण कोंबड्यांत गेलेलं. आता ती माळकरी आहे, अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवायला लावते. ती म्हणाली, "अरं बाबा, कोंबडीला इकत आणून खाऊ घालतेत व्हय? ती उकिरडा उकरती, खळ्यावरचं टिपती, उधई खाती. दिवस मावळला की डालग्याखाली झाकायची. आन् कोंबडीचा हिशेब गडीमाणसानं करायचा नसतो. तो बायकांचा पैसा. माझ्या मायनं अंड्याच्या पैशावर दोन लुगडी घेतली, बापाला पत्ता नव्हता."

मी ऐकून घेतलं. आमच्या अंगणात उकिरडा नाही, खळं नाही, आणि मागच्याच वर्षी मी हौसेनं सगळीकडं पेव्हर ब्लॉक बसवून घेतलेत. त्यात उधईसुद्धा राहायला तयार नाही. ही गोष्ट त्याच वेळी वहीत यायला हवी होती. 'बनी तो बनी, नही तो परभनी' म्हणत मी पुढं गेलो.

मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना जाळीचे पिंजरे लटकवून एक जण गल्लीत आला. "घ्या सर, अस्सल गावरान. सगळ्या तलंगा हायेत, एक बी कोंबडा निघायचा नाही." महिन्याची दहा पिल्लं, एकशेवीसप्रमाणे बाराशे. मुलीनं बापाच्या धंद्याला शोभतील अशी नावं ठेवली: जमा, नावे, नफा, तोटा, शिल्लक, उधारी... आठवडाभरात बोका आला आणि नेमका नफा घेऊन गेला. उरलेल्या नऊ तलंगांपैकी चार जणींना पुढं तुरे फुटले आणि एके दिवशी पहाटे चार वाजता त्यांनी एकसाथ बांग दिली. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "सर, तलंगा लईच मोकळ्या गळ्याच्या दिसतेत?"

वेल्डरकडून खुराडं करून घेतलं, साडेआठ हजार. दाण्याची आणि पाण्याची भांडी सहाशे. राणीखेत रोगाची लासोटा लस आणि बारीकसारीक औषधं दोनशे. कंपनीच्या खाद्याची पन्नास किलोची दोन पोती, एकोणीसशेप्रमाणे तीन हजार आठशे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिलं अंडं पडलं. लिंबापेक्षा थोडं मोठं, फिकट तपकिरी, एका बाजूला रक्ताचा बारीकसा ठिपका. ते अजून गरम होतं. मी ते तळहातावर घेऊन बसलो आणि दुसऱ्या हातानं बेरीज मारली. चौदा हजार तीनशे.

"चौदा हजाराचं अंडं आहे, बेतानं फोडा," बायको म्हणाली.

मी तिला समजावलं की खुराडं हे स्थिर मालमत्तेत मोडतं, त्याचा पूर्ण खर्च एका अंड्यावर टाकणं अशास्त्रीय आहे. दहा वर्षं आयुष्य धरून स्थिर हप्ता पद्धतीनं पाच महिन्यांचा घसारा, म्हणजे वापरानं झिजलेली किंमत, होतो तीनशे चोपन्न रुपये. म्हणजे अंडं पडलं फक्त सहा हजार एकशे चोपन्नला. ती म्हणाली, "मग ठीक आहे. हाफ फ्राय करू का?"

पेन्सिलीनं प्रत्येक अंड्यावर तारीख टाकायची आणि वहीत नोंद करायची, हा माझा रोजचा नेम झाला. हिशेब लवकरच स्थिरावला. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण एकशे दहा ग्रॅम खाते. अडतीस रुपये किलोनं झाले चार रुपये अठरा पैसे. माझ्या कोंबड्या दिवसाआड अंडं देत, म्हणजे नुसत्या खाद्याचेच आठ रुपये छत्तीस पैसे. दुकानातलं सातला. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी तेवढंच खाते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, तिथं मी काय कप्पाळ टिकणार? विकणाऱ्यानं फसवून क्रॉस जात दिली याबद्दल उलट मी त्याचे आभारच मानायला हवेत. अस्सल गावरान निघाली असती तर वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर समाधान मानावं लागलं असतं.

त्यात ते चार कोंबडे. तेही रोजचं तेवढंच खातात आणि फक्त ओरडतात. त्यांचा खर्च अंड्यांवर टाकला की एक अंडं पंधरा रुपयांवर जायचं. कापावं म्हटलं तर मुलगी 'तोट्या'ला मांडीवर घेऊन बसलेली. आई म्हणते माझ्या दारात नको. बायको म्हणते आखाडात बघू. आखाड आला तेव्हा ती माहेरी गेली होती.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला. कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या. धापा टाकल्या की खाणं कमी, अंडी कमी, आणि जी येतील त्यांचं कवच इतकं पातळ की पेन्सिलीनं तारीख टाकतानाच टोक आत. खुराड्याभोवती ओली पोती बांधली. मग हॉलमधला कूलर खिडकीतून बाहेर वळवला. आम्ही चौघं घामाघूम होऊन आतून बघत होतो, बाहेर पाच कोंबड्या आणि चार कोंबडे वाऱ्याला तोंड करून उभे. त्या महिन्याचं लाइटबिल मी कोंबडी खात्यात धरलं नाही. काही खर्च भांडवली समजायचे असतात.

खाद्याचा खर्च कमी करायचा, तर खाद्य घरी करायचं, हे मला जूनमध्ये सुचलं. गावाकडं धाकट्या भावाच्या घरात सोयाबीन पडून होतं. 2024-25 च्या हंगामाचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजाराच्या वर कोणी बोलत नव्हतं, म्हणून त्यानं ठेवून दिलेलं. म्हटलं, व्यापाऱ्याच्या नरड्यात घालण्यापेक्षा कोंबडीच्या घालू. ज्वारी कणगीतली. शिंपल्याचा चुरा तेवढा विकत घेतला. गिरणीवाल्यानं भरडा करून दिला, पण "सर, पुन्हा आणू नका, पिठाला वास लागतो," असंही सांगितलं. हिशेब तीस रुपये किलोचा. किलोमागं रोख आठ रुपये वाचले! मी वर्गात हे उदाहरण खर्च नियंत्रण म्हणून सांगितलं.

दहा दिवसांनी बलक पांढरा पडायला लागला. गावरान म्हणून ज्यांना कौतुकानं दिली त्यांनी हळूच विचारलं, "सर, पोल्ट्रीची तर नाहीत ना?" बलकाला पिवळा रंग मक्यातून, हिरव्या पाल्यातून येतो. पांढऱ्या ज्वारीत तो नसतो, हे मला मागाहून कळलं. मी शेवग्याचा पाला आणि मेथीच्या काड्या टाकायला लागलो. बलक सुधारला, पण अंडी थांबली. पाच कोंबड्यांत दिवसाला एक. कधी तेही नाही. कोंबड्या दिवसभर खायच्या, तरी हाताला हाडं लागायची.

शेवटी आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांना गाठलं. त्यांनी भरडा चिमटीत घेतला, वास घेतला आणि विचारलं, "सोयाबीन भाजलं होतं का?"

"भाजायचं असतं?"

ते सभ्य गृहस्थ. हसले नाहीत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो तापवल्यावर जातो. कंपनीच्या पोत्यात असते ती तेल काढलेली, तापवलेली पेंड. मी कोंबड्यांना प्रथिनंही देत होतो आणि ती पचू नयेत याचीही सोय करत होतो. किलोमागं आठ रुपये वाचवून मी अंडं चाळीस रुपयांच्या घरात नेलं होतं.

पुन्हा एकोणीसशेचं पोतं आलं. पोत्यावर घटक छापले होते, त्यात सोयाबीन पेंड होती. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपलंच सोयाबीन फिरून आलं की. भाडं देऊन."

कोंबड्या सावरल्या. वहीत अंड्यांचे आकडे पुन्हा दिवसाला दोन-अडीच दिसायला लागले. नवल एवढंच की फ्रिज उघडावं तर ट्रे रिकामा. मी समजायचो, बायको शेजारीपाजारी वाटते. बायको समजायची, मी कॉलेजात नेतो. त्यात आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सगळा श्रावण अंडं चालत नाही. कोंबड्यांकडं पंचांग नसतं. म्हणजे अंडी साठायला हवी होती. अखेरचा शिल्लक माल मोजल्याशिवाय व्यापारी खातं पुरं होत नाही, हे मी दर जूनला फळ्यावर लिहितो. घरी मोजला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून चुलतभाऊ आला. "दादा, मला तुझ्या कोंबड्यांची गावरान अंडी पाहिजेत, तिकडं मिळतच नाहीत." ट्रे रिकामा. कोंबड्यांनी पिसं झाडायला काढलेली, त्या दिवशी एकीनंही अंडं दिलं नव्हतं. मी पिशवी घेतली आणि त्याला न दिसता मागच्या दारानं निघालो. जवळच्या दुकानात पांढरीच होती. विठ्ठल मंदिराजवळच्या किराणा दुकानात, बरणीमागं, भुश्श्याच्या टोपलीत तपकिरी अंडी दिसली.

"केवढ्याला?"

"पंधराला एक, सर. अस्सल गावरान. हरिपाठाला एक आजी येतेत, त्या देऊन जातेत. मी त्यांना दहा देतो. लई चोख बाई. पैसे दोनदा मोजून घेते."

मी एक अंडं उचलून उजेडात धरलं. बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, चार दिवसांपूर्वीची. एकचा आकडा शेंडीवाला. एकवीस वर्षं फळ्यावर काढतोय, अक्षर चुकणं शक्य नव्हतं.

सहा घेतली. नव्वद रुपये दिले.

घरी आलो तर आई ओसरीवर वाती वळत बसलेली. मी पिशवी तिच्यासमोर धरली. तिनं आत डोकावून पाहिलं, मान हलवली. "त्या मेल्यानं पंधराला इकली का? मला दहाच देतो."

"आई, तू माळकरी ना?"

"खायला माळ आडवी येती बाबा. इकायला कुठं येती? आन् मी कुठं हात लावला? पिशवीला लावला." मग कमरेची चंची काढून तिनं मला दाखवली. दहादहाच्या नोटांची घडी, वर रबर. "कार्तिकीला जायचंय पंढरपूरला. तुला गाडीभाडं मागायचं नव्हतं. कोंबड्या लई गुणाच्या हायेत. एवढा फायदा माझ्या मायला बी झाला नसंल."

अंडी आत गेली. थोड्या वेळानं आतून चुलतभावाचा आवाज आला, "वहिनी, काय चव आहे! दुकानाच्या अंड्याला ही सर नाही."

रात्री मी लाल वही काढली. सहा अंडी, उत्पादन खर्च पंधराप्रमाणे नव्वद, पुन्हा खरेदी नव्वद. हे नव्वद 'खरेदी' खाली लिहावेत, 'उचल' खाली, की 'धर्मादाय' खाली, यावर बराच वेळ बसलो. पहाटेचे चार कधी वाजले कळलं नाही. तोट्यानं बांग दिली तेव्हा कळलं.