सतरा सेंटिमीटर

हॉस्टेलवर २००४ साली आम्ही आठ जण रात्रभर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायचो. आठच, कारण त्या खेळात नववा माणूस बसत नाही. मध्यंतरी आमच्यातल्या एकाने चिंचवडला मोठा फ्लॅट घेतला आणि ग्रुपवर फर्मान काढलं : आपापला कॉम्प्युटर उचलून या, लॅन पार्टी करू. म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका खोलीत केबलने जोडून खेळायचं.

माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप. गेम टाकायला गेलं की तो अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, आणि आयटीवाल्याला कारण काय सांगणार? घरचा डेस्कटॉप हलवला तर मुलीचा अभ्यास बुडतो (असं मुलगी म्हणते). म्हणून ठरवलं, माळ्यावरच्या सामानातून एक जादा कॉम्प्युटर जोडायचा. छोटासा, काखेत मारून नेता येईल असा.

त्यासाठी मिनी-आयटीएक्स नावाच्या छोट्या मापाचा जुना मदरबोर्ड पैदा केला. १७ बाय १७ सेंटिमीटर, म्हणजे फुलक्याएवढा! तीन दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. बाकीचं सामानही फुलक्याच्या मापाचं लागतं, हे त्या कौतुकात राहूनच गेलं. माळ्यावरचं ग्राफिक्स कार्ड निघालं २७ सेंटिमीटर. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, विटेएवढा. रॅमच्या पट्ट्या डीडीआर३ आणि बोर्ड डीडीआर४चा. खाच जराशी इकडेतिकडे, बस्स. थोडा जोर लावला तर बसेल असं वाटतं. मी लावला. कट्‌ असा आवाज आला, पण सुदैवाने तो माझ्या नखाचा होता.

शेवटी एवढं सगळं पोटात घेईल असं कॅबिनेट घरात एकच होतं : हॉस्टेलचंच, पिवळं पडलेलं. त्यात तो बोर्ड परातीत एकटा फुलका पडावा तसा दिसत होता. रद्दीच्या ताणकाट्यावर वजन भरलं अकरा किलो. मॉनिटर वेगळा.

राहिली नेटवर्कची केबल. तयार मिळते, पण हॉस्टेलात आम्ही स्वतः क्रिंप करायचो, म्हणजे तारा ओळीने लावून टोकाला कनेक्टर दाबून बसवायचो, मग अभिमान आडवा आला. तपकीर गल्लीतून कनेक्टर आणले आणि लक्षात आलं की चाळिशीनंतर पांढरा-हिरवा आणि पांढरा-निळा यांत फरक उरत नाही. आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला सगळं लख्ख दिसतं. ती सुईत दोरा ओवावा तशी बसली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...

‘‘अरे, हिरव्याची जोडी मधेच का तोडली?’’

‘‘मधल्या दोन तारा टेलिफोनच्या जागेवर येतात आई, म्हणून निळी जोडी तिथे.’’

‘‘फोन तर कधीच काढून टाकला आपण,’’ असं म्हणत तिने हिरवी तार पलीकडे नेऊन बसवली. मी केलेल्या तीन केबली मेल्या होत्या. तिची पहिल्या फटक्यात चालली.

चिंचवडपर्यंत कॅबिनेट स्कूटरवर, मागे बायकोच्या मांडीवर. गोधडीत गुंडाळलेलं. दापोडीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने बाळाचं वय विचारलं. बायकोने ‘‘वीस’’ सांगितलं आणि मग घर येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

पार्टीत बाकी सातही जण लॅपटॉप घेऊन आले होते. नेटवर्कच्या स्विचला आठही जण जोडलेले, पण कोणालाच कोणी दिसेना. फायरवॉल बंद करा, आयपी पत्ता हाताने टाका, यात रात्रीचा एक वाजला. माझ्या बोर्डाचा सेल मेलेला, त्यामुळे घड्याळ भलत्याच सालात. खेळ सुरू झाला तेव्हा दोघे घोरत होते. मी वीस मिनिटांत हरलो. हॉस्टेलातही वीसच मिनिटं टिकायचो.

निघताना यजमान म्हणाला, ‘‘इथेच राहू दे. पुढच्या महिन्यात परत भेटायचंच आहे.’’ बायकोने माझ्या आधी होकार दिला. याला आता सात महिने झाले. त्याचा मुलगा त्यावर शाळेचे प्रोजेक्ट करतो म्हणे.

आई कॉम्प्युटरबद्दल कधी विचारत नाही. परवा मात्र म्हणाली, ‘‘माझी केबल तेवढी घेऊन ये.’’