"ज्याले लुटलं त्यानं ओळखला, विषय खतम" म्हणे!

गावच्या ग्रुपवर मेसेज फिरून राह्यला : "ज्याले लुटलं त्यानं चोर ओळखला का विषय खतम. ओळख परेड म्हणजे वकिलायचं नाटक. संशयितायचे फोटो ग्रुपवर टाका, निर्दोष असन तर घाबरते कायले?" लोकायनं धडाधड अंगठे देले. ओळख परेड म्हणजे आरोपीले त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसायमधी उभं करते अन साक्षीदाराले त्यातून ओळखाले लावते.

विषय खतम कसा? कापसाचे पैसे घेऊन माणूस दिवस बुडता घरी चालला, मागून गाडी आली, दोघायच्या तोंडाले दुपट्टे, एकाच्या हाती सत्तूर. तो तोंड पाहीन का सत्तूर? नजर हत्यारावरच अडकते, हे अभ्यासातही दिसलं हाय. तो खोटं बोलत नाही, त्याले खरंच तसं वाटते, अन तिथंच घोळ हाय. अमेरिकेत डीएनए तपासणीनं जे निर्दोष सुटले त्यातल्या अर्ध्याहून जास्त केसमधी साक्षीदारानं भलताच माणूस ओळखला होता.

आता नाटक. मी एकदा परेडले पंच होतो. परेड नायब तहसीलदारानं घेतली, पोलीस बाहेर. एका आरोपीमागं निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेले माणसं, लागते, त्याच्याच वयाचे, बांध्याचे. आणलेले डमी चकाचक दाढी केलेले अन आरोपीची आठ दिवसाची दाढी, पायात चप्पलही नाही, मंग ओळखाले कितीक वेळ लागते? साहेबानं डमी बदलवले, आरोपीच्या कपाळावर व्रण होता तर सगळ्यायच्याच कपाळाले पट्टी लावली, कुठं उभं राहाचं ते आरोपीलेच ठरवू देलं. साक्षीदार आला, दोनदा फिरला अन बोट ठेवलं रसवंतीवरून आणलेल्या पोरावर! आरोपी निर्दोष होता का नाही, मले माहीत नाही. पण त्या पोराचा काय संबंध? अन परेडमधी ओळखलं तरी तेवढ्यावर शिक्षा होत नाही, कोर्टात साक्ष द्याच लागते.

फोटोचं तर बोलूच नका. परेडीआधी फोटो पाह्यला का साक्षीदार फोटोतलाच माणूस ओळखते. म्हणून तर आरोपीले तोंड झाकून नेते. फोटो फिरला हे वकिलानं कोर्टात दाखवलं का त्या ओळखीले किंमत राहात नाही, म्हणजे खरा चोर असन तर त्याले तुमीच सोडवलं.

"घाबरते कायले" हे पारध्यायच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचारा. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा इंग्रजायचा कायदा १९५२ ले गेला, पण कुठं चोरी झाली का जीप अजूनही आधी पारध्यायच्या बेड्यावरच जाते. मेसेजखाली ज्या पोराचा फोटो हाय त्याची परेड अजून व्हाचीच हाय. ॲडमिन, तेवढा फोटो आजच काढ.