‘लष्करातल्या नर्सला कसला धोका?’ म्हणणाऱ्यांना

सातारा जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आता तो मुलींच्या पालकांपर्यंतही पोचलाय. त्याचं म्हणणं असं: युद्धात नर्स आघाडीपासून लांब, सुरक्षित असतात, रेड क्रॉसमुळे त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही, काम काय तर मलमपट्टी, भारतीय नर्स युद्धासाठी समुद्रापार कधी गेल्याच नाहीत, आणि ‘अधिकारी’ हा त्यांचा नुसता नावाचा मान. मी नर्सिंग शिकवते. माझ्या वर्गात एमएनएसमध्ये, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, जाऊ इच्छिणाऱ्या मुली दर वर्षी असतात. त्यांच्या घरी हा मजकूर खरा मानला जावा, हे मला सहन होत नाही.

लांब आणि सुरक्षित? दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडायच्या बेतात असताना 12 फेब्रुवारी 1942 ला 65 ऑस्ट्रेलियन लष्करी नर्स ‘व्हायनर ब्रूक’ बोटीने तिथून निघाल्या. 14 तारखेला जपानी विमानांनी बोट बुडवली. 12 जणी समुद्रातच गेल्या. सुमात्राजवळच्या बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या 22 जणींना 16 तारखेला जपानी सैनिकांनी पाण्यात चालत जायला लावलं आणि पाठीमागून मशीनगन चालवली. व्हिव्हियन बुलविंकल तेवढी वाचली. गोळी कमरेच्या वर आरपार गेली होती. मेल्याचं सोंग घेऊन ती लाटांवर पडून राहिली. नंतर जंगलात तिला एक जखमी ब्रिटिश सैनिक सापडला. स्वतःची जखम तशीच ठेवून तिने त्याचं केलं, गावातल्या बायकांकडून खाणं मागून आणलं. शेवटी दोघं शरण गेले. तेव्हा गणवेशावरचं गोळीचं भोक दिसू नये म्हणून तिने पाण्याची बाटली त्यावर येईल अशी खांद्याला अडकवली होती, कारण ते कुणाला कळतं तर साक्षीदार म्हणून तिलाही संपवलं असतं. तिच्यासह कैदेत गेलेल्या 32 जणींपैकी 8 तिथेच वारल्या. घरी परतल्या त्या 24.

रेड क्रॉसचं म्हणाल तर ‘सेंटॉर’ हे रुग्णालय-जहाज घ्या. अंगावर मोठे लाल क्रॉस, रात्रीही दिवे लावलेले. 14 मे 1943 ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ टॉर्पेडो लागून ते बुडालं. 332 पैकी 268 माणसं गेली. 12 नर्सपैकी एक उरली. जिनिव्हा करार, म्हणजे युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम, रेड क्रॉसला संरक्षण देतो हे खरंच आहे, पण तो पाळायचा की नाही हे समोरचा ठरवतो.

‘मलमपट्टी’ हा शब्द मात्र मला सगळ्यात जास्त लागला. पहिल्या महायुद्धात प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स) नव्हती. जखमेत शेतातली माती आणि कपड्यांच्या चिंध्या शिरायच्या, मग गँगरीन, म्हणजे मांस सडणं. त्यावर कॅरेल-डेकिन पद्धत आली: जखमेत खोलवर रबरी नळ्या घालायच्या आणि साधारण दर दोन तासांनी, रात्रंदिवस, जंतुनाशक द्रावण सोडायचं. द्रावणाची तीव्रता जरा चुकली तर चांगली कातडी भाजायची. ते घड्याळ नर्सने सांभाळलं म्हणून कित्येकांचे पाय राहिले. मस्टर्ड गॅस या विषारी वायूचे रुग्ण यायचे तेव्हा त्यांचे कपडे काढता काढता नर्सचेच डोळे आणि घसा पोळायचा. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं, तेही दर तीन तासांनी टोचावं लागे. आमच्या वॉर्डात एक नाइट ड्युटी काढून पाहावी, मग मलमपट्टी म्हणावं.

‘भारतीय गेल्या नाहीत’ हे तर सरळ खोटं आहे. 1914 पासून भारतीय महिला लष्करी नर्सिंगमध्ये घेतल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या मध्यपूर्व, ब्रह्मदेश, इटलीपर्यंत होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे; तिथे आपल्या नर्सही होत्या, हे मात्र नाही. अलीकडचं सांगायचं तर काँगोतल्या गोमा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतलं भारतीय लष्कराचं रुग्णालय आहे. जानेवारी 2025 मध्ये बंडखोरांनी शहर घेतलं तेव्हाही आपली माणसं तिथेच होती, त्यांत महिला अधिकारीही होत्या.

मजकुरात एक अर्धसत्य आहे: पहिल्या महायुद्धात आपल्या जखमी जवानांचं ऑर्डर्लींवरच, म्हणजे रुग्णालयातल्या पुरुष मदतनिसांवरच, भागलं, नर्स लागल्याच नाहीत. आपशिंगे मिलिटरीसारख्या, त्या युद्धात 46 माणसं गमावलेल्या गावच्या लोकांना ते पटतंही. पण कारण वेगळं होतं. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रुग्णालयांत भारतीय जवान होते. 1915 मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्रात जखमी भारतीय सैनिकाशेजारी गोरी नर्स उभी असल्याचं छायाचित्र आलं, ओरड झाली आणि युद्ध खात्याने नर्स काढून घ्यायला लावल्या. गोऱ्या बाईने काळ्या शिपायाची सेवा करणं साहेबाला खपलं नाही. जवानांना गरज नव्हती असं त्यातून कसं निघतं? तोटा त्यांचाच झाला.

राहिला ‘नावाचा मान’. 1943 च्या अध्यादेशापासून या नर्सना कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, आहे. एमएनएस ही कायद्याने सशस्त्र दलाचा भाग असलेली सहायक सेना आहे. चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग पुरा करून एमएनएसमध्ये रुजू होणारी मुलगी लेफ्टनंट असते. खांद्यावर दोन तारे. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या सातारच्या बापाला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.